कोजागिरीचा आठवडा: तुळजापूरची खेप, परड्या आणि शुक्रवारचं विमान (अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या यादीवरचे निरोप, ऑक्टोबर 2024)

ताई, सध्या मुक्काम लातूर (रविवार, रात्री)

सगळ्यांना दसऱ्याच्या शुभेच्छा. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.

घाईत लिहितेय. शुक्रवारी रात्री हैदराबादहून विमान आहे. मंडळाच्या गोंधळासाठी समितीने सांगितलेलं सामान (परड्या म्हणजे जोगव्याच्या टोपल्या, कवड्यांच्या माळा, गोंधळात पेटवायचा पोत, कुंकू) अजून घेतलेलं नाही. आईला देवीला अभिषेक घालायचाय, तेव्हा तुळजापूरची एकच खेप करू, असं ठरलं होतं. नवरात्रातच जाणार होतो. पण भावाची सोयाबीनची काढणी सुरू झाली आणि गाडी चालवणारा तोच. आता सीमोल्लंघन झालं, देवी निद्रेसाठी पलंगावर गेली. पौर्णिमेपर्यंत अभिषेक नाही. पौर्णिमा गुरुवारी, आणि त्या दिवशी यात्रा. आईची पंच्याहत्तरी उलटलीय, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्या गर्दीत तिला कशी नेऊ?

सध्या तुळजापुरात किंवा धाराशिवला कोणी आहे का? नसेल तर काय करावं ते सांगा, पण लवकर. आभाळ भरून आलंय आणि शेतात कापलेल्या सोयाबीनची सुडी (ढीग) उभी आहे.

चिटणीस (सोमवार)

ताई, मंडळाच्या वतीने कळवतो की गोंधळाचा कार्यक्रम शनिवारीच आहे. हॉलचे पैसे भरलेत, पत्रिका गेल्यात. आराधी (देवीचे भक्त) होऊन नाचणाऱ्या मुली दीड महिना तालीम करतायत, परड्यांशिवाय त्यांचा प्रवेशच होत नाही. ऑनलाइन मागवा, असं कृपया कोणी सुचवू नये. मागच्या वेळी आलेल्या परड्या कशा होत्या ते सगळ्यांनी पाहिलंय. सामान तुळजापूरचंच हवं, ही समितीची एकमुखी भूमिका आहे.

आईंच्या अभिषेकाबद्दल जाणकारांनी लिहावं.

आप्पा (सोमवार)

शनिवार हा शब्द वाचला की मला लिहावंच लागतं. कोजागिरी बुधवारी आहे. मध्यरात्री पौर्णिमा असेल ती रात्र कोजागिरीची. भारतात बुधवारी संध्याकाळनंतर पौर्णिमा लागते, म्हणजे आपल्याकडे बुधवारी दिवसाच लागलेली असेल आणि रात्रभर राहील. शनिवारी वद्य पक्ष लागून गेलेला असतो. तेव्हा आटवलेलं दूध आपण कुठल्या चंद्राला दाखवणार आहोत?

हॉल मिळत नाही, शाळा असते, नोकऱ्या असतात, हे सगळं मला ठाऊक आहे. पण मंडळ लहान होतं तेव्हा आम्ही कोणाच्या तरी मागच्या अंगणात थंडीत कुडकुडत का होईना, त्याच रात्री जमायचो. बुधवारी माझ्याकडे दूध आहे. रात्री साडेनऊपासून दार उघडं. केशर, वेलदोडा, चारोळी माझ्याकडे आहे. येताना फक्त पेला आणा.

चिटणीस (सोमवार)

आप्पा, आपल्या घरच्या कार्यक्रमाला मंडळाचा विरोध नाही. पण मंडळाच्या यादीवर एका आठवड्यात दोन कोजागिरी जाहीर झाल्या की शनिवारची संख्या घसरते, आणि मग खजिनदारांना उत्तर मला द्यावं लागतं.

उमरग्याचा भाऊ (सोमवार)

ताई, मी इकडेच आहे, घरच्या कामासाठी उमरग्याला. तुळजापूरला या आठवड्यात मला जमणार नाही, पण रस्त्याचं सांगतो.

सोलापूरकडून जायचा विचार डोक्यातून काढा. पौर्णिमेच्या आसपास सोलापूर-तुळजापूर रस्ता पायी चालणाऱ्यांसाठी असतो, गाड्या दुसरीकडून वळवतात. कर्नाटकातून माणसं चालत येतात, रात्रभर रस्ता भरलेला असतो. तुम्ही लातूर, औसा करून सरळ तुळजापूरला उतरा. आणि पौर्णिमेलाच गेलात तर परत लातूरला जाऊ नका. बॅगा सोबतच ठेवा. तुळजापूरहून नळदुर्गला या, तिथून उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, हैदराबाद असा एकच महामार्ग लागतो. जेवायला आमच्याकडे थांबा, घर रस्त्यालाच आहे.

ताई (मंगळवार, पहाटे)

भाऊ, फार उपकार झाले. पण मी तुळजापूरहून परस्पर हैदराबादला गेले तर आईला लातूरला परत कोण आणणार? भावाला गाडीवर दोन दिवस घालवणं शक्यच नाही.

इकडची अवस्था सांगते, म्हणजे कळेल. सोयाबीन कापून झालंय, सुडी लावून वर ताडपत्री टाकलीय. हडंबा (मळणीयंत्र) सांगून ठेवलाय, पण सगळ्या शिवाराला एकदमच हवाय. आज येतो, उद्या येतो, असं चाललंय. रात्री वारं सुटलं की भाऊ बॅटरी घेऊन शेतात जातो, ताडपत्रीच्या कडांवर दगड आहेत का बघायला. यंदा, 2024 ला, हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये आहे, आणि लातूरच्या मोंढ्यात त्याच्या खालीच पुकारा होतोय. सरकारी खरेदीला घालायचं तर ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो. मळणीच्या आधी एक सर पडली तर दाणा काळा पडतो, ओलावा चढतो, आणि मग आडत्या म्हणेल तो भाव. वर्षाचं पीक असं उघड्यावर असताना त्याला मी गाडी काढ म्हणू शकत नाही, आणि म्हणणारही नाही.

आईला विचारलं तर ती म्हणाली, "तू कशाला जीव काढूलालीस? आधी रास घरात येऊ दे." पण संध्याकाळी दिवा लावताना तिचं तोंड बघितलं. नातीच्या लग्नाच्या वेळी बोललेला अभिषेक आहे, राहून गेल्याचं तिला लागलंय.

अंबाजोगाईच्या काकू (मंगळवार)

ताई, अभिषेक नाही म्हणजे देवीकडे जायचंच नाही, असं कोणी सांगितलं? तुळजापूरची मूर्ती चल आहे, म्हणून तिला सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवता येतं. वर्षातून तीन वेळा ती निजते. नवरात्राआधी भाद्रपदात घोरनिद्रा, दसऱ्यापासून पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा, आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा. नऊ दिवस महिषासुराशी लढून दमलेली असते, म्हणून आत्ताची ती श्रमाची निद्रा. पलंग घोडेगावहून येतो, पालखी बुऱ्हाणनगरहून. कुठल्या कुठल्या गावांनी पिढ्यानपिढ्या हे काम धरून ठेवलंय! या दिवसांत अभिषेक आणि सिंहासन पूजा होत नाही, दर्शन होतं. माझ्या सासूबाई मुद्दाम याच दिवसांत जायच्या. म्हणायच्या, इतर वेळी आपण मागायला जातो, आता नुसतं बघून यायचं.

तेव्हा आईंना बुधवारी न्या. ओटी भरा, पलंगावरची देवी बघू द्या. अभिषेक पौर्णिमेनंतर सावकाश होईल, तो कुठे पळून चाललाय?

आणि अगदीच जमलं नाही तर आमच्या योगेश्वरीला या. लातूरहून जवळ, गर्दी कमी, अंबाजोगाईत घरचं जेवण मिळेल. मंडळात तुळजाभवानीचा गोंधळ होतो, रेणुकेचा जोगवा होतो, योगेश्वरीचं नाव कोणी घेत नाही, हे मी आधीही बोलले आहे.

जाता जाता: मराठीला अभिजात दर्जा 3 ऑक्टोबर 2024 ला मिळाला. शनिवारी त्यावर कोणी तरी बोलणार असं ऐकते. मग आद्यकवी मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईत आहे, हे त्यात आलंच पाहिजे. मला दहा मिनिटं द्यावीत.

चिटणीस (मंगळवार)

काकू, पाच मिनिटं. गोंधळात योगेश्वरीचं आवाहन घेता येईल, गोंधळात सगळ्याच देवींना बोलावतात. संबळ वाजवणाऱ्यांशी बोलतो.

नाना, हॉलचं काम (मंगळवार)

यादीत पोत वाचला. कृपया सगळ्यांनी नीट वाचा. हॉल शाळेचा आहे, उघडी ज्योत चालत नाही. निरांजनसुद्धा चालत नाही. धुराची घंटा वाजली की अग्निशमनची गाडी येते आणि त्याचं बिल मंडळाला येतं. पोत पेटवायचा असेल तर मी जबाबदारी घेणार नाही.

आप्पा (मंगळवार)

नाना, पोत न पेटवता गोंधळ? पोत म्हणजेच देवी. बॅटरीवरची दिवटी घेऊन मी उभा राहणार नाही. माझ्या आजोळी औंढ्याला गोंधळ बघत वाढलोय. पोताच्या उजेडात गोंधळ्याचा चेहरा दिसायचा, तेलाचा वास यायचा, आणि लहान पोरं आपोआप गप्प बसायची. हे इथल्या आपल्या मुलांना एकदा तरी दिसू द्या. नियम मोडा असं मी म्हणत नाही. बाहेर पार्किंगमध्ये पेटवा, परवानगी काढा, बादलीभर पाणी आणि वाळू ठेवा. मी स्वतः उभा राहतो.

नाना (मंगळवार)

बाहेरचं विचारतो. लेखी घ्यावं लागेल.

खजिनदार (मंगळवार)

पोताचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा ते नंतर बघू. ताईंना सामानाबद्दल महत्त्वाचं सांगते.

ओटीसाठी तांदूळ भारतातून अजिबात आणू नका. खापरा नावाच्या किडीमुळे तिकडचा तांदूळ प्रवासी सामानातून अमेरिकेत आणायला बंदी आहे, मूठभरसुद्धा. तांदूळ, नारळ इथे घेऊ. परड्या वेताच्या असतात, म्हणजे वनस्पतीचीच वस्तू झाली. विमानतळावर विचारतील तेव्हा आहेत म्हणून सांगा, उघडून दाखवा. कोरड्या, स्वच्छ, माती न लागलेल्या बघून घ्या. पोत कोरा घ्या, तेल लागलेला नको, तो विमानात नेऊ देणार नाहीत. कुंकू सीलबंद पुडीत.

उमरग्याचा भाऊ (बुधवार, सकाळी)

अजून एक. निवडणूक काल जाहीर झाली, आचारसंहिता लागलीय. वाटेत गाड्या तपासतात. मोठी रोकड बाळगू नका.

ताई (बुधवार, रात्री उशिरा)

झालं. जाऊन आलो.

हडंबा अखेर मंगळवारी रात्रीच आला. दिव्याच्या उजेडात मळणी झाली, पहाटेपर्यंत कट्टे भरून घरात लागले. भाऊ तसाच, अंगावर भुसा घेऊन, डोळे लाल झालेले. म्हणाला, "आता चला, मी मोकळा झालाव." त्याला तसं गाडी चालवू देणं मला पटलं नाही. शेजारच्या पोराला बसवलं. भाऊ मागच्या सीटवर औश्याच्या आधीच झोपला.

गर्दी होती, पण पौर्णिमेची नव्हे. चालत आलेली माणसं मंदिराच्या बाहेर सावली सापडेल तिथे आडवी झाली होती. पायाला चिंध्या गुंडाळलेल्या, डोक्याखाली गाठोडं. आईला पायऱ्यांची धास्ती होती. एका बाजूने भावाने, दुसऱ्या बाजूने मी धरलं आणि पायरीगणिक थांबत उतरलो. मध्ये एक कानडी बोलणारी बाई आली, काही न विचारता तिने आईची पिशवी घेतली आणि खालपर्यंत पोचवली. आईला कानडी येत नाही, तिला मराठी येत नव्हतं. तरी दोघी बराच वेळ बोलत होत्या.

दर्शनाला आत थोडाच वेळ मिळाला. आई पलंगाकडे बघत राहिली, हात जोडायचे विसरली. पुजाऱ्यांनी ओटी घेतली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, अभिषेक मी येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) आधी कधीतरी येऊन करते, तू त्याची काळजी करू नकोस. भावाने तिच्यासमोर दिवसही ठरवला, सोयाबीन विकलं की पुढच्या मंगळवारी. काकू, तुम्ही सांगितलं नसतं तर मी तिला या दिवसांत नेलंच नसतं.

सामान सगळं मिळालं. परड्या मी एकेक उलटून बघितल्या. वेत दाट विणलेला, कड पक्की, आत बोट फिरवलं तरी कूस लागत नाही अशाच घेतल्या. दुकानदार आजी जरा वैतागल्या, पण मुलींसाठी आहेत, अमेरिकेत नाचणार आहेत म्हटल्यावर त्यांनीच आतून वेगळी चळत काढली आणि प्रत्येक परडीत हळदीकुंकवाचं बोट लावून दिलं. कवड्यांच्या माळांत एक मोठी आहे, ती मुख्य आराधिणीला द्यावी. पोत दोन घेतले, कोरे.

आता कामाचं. शुक्रवारी दुपारी निघतेय, भाऊ, जेवायला उमरग्याला थांबू, पण साधंच करा. शनिवारी मी दुपारी उतरेन आणि कार्यक्रम सहाला आहे. घरी जाऊन परत येण्याइतका वेळ नाही. विमानतळावरून थेट हॉलवर येते, कोणीतरी न्यायला या. मोठी गाडी हवी. परड्यांची बॅग फुगीर आहे आणि तिच्यावर काही ठेवता येणार नाही.

आप्पा (बुधवार)

मी येतो न्यायला. आज रात्री माझ्याकडे पंधरा-वीस जण आलेत, दूध अजून आटतंय. ताई, तुमच्या आईंच्या नावाने एक पेला चंद्राखाली ठेवलाय.

नाना (गुरुवार)

शाळेकडून उत्तर आलं. पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात पोताला परवानगी आहे, पंधरा मिनिटं, रात्री आठच्या आत, अग्निशामक नळकांडं जवळ हवं आणि मुलं दहा फूट लांब. आप्पा, वाळूची बादली तुमची. चिटणीस, गोंधळाचा क्रम बदलून पोत सव्वासातला घ्या.