अनुभव धागा: चेष्टा कुठवर चेष्टा असते?

शहापूरची_लेक
काल एका निवृत्ती समारंभाचा व्हिडिओ आला. बेळगावात टिळकवाडीतला हॉल, हार, शाल, कुंद्याच्या मिठाईचा बॉक्स. भाषणात कुणीतरी म्हणालं, "साहेबांचा स्वभाव खेळकर, सगळ्यांना हसवत ठेवायचे." कपडे वाळत घालता घालता मी तशीच उभी राहिले. लग्नाआधी याच साहेबांकडे मी टायपिंगला होते. कागद द्यायला आले की हात सोडायचे नाहीत. वर "काय गं, करंट लागला?" सगळा स्टाफ खो खो. शेजारची बाई मला म्हणायची, "हस की थोडं, नाहीतर मनावर घेतलंस असं वाटेल." मनावरच घेतलं होतं की! शेवटी टेबलावर एक ट्रे आणून ठेवला. सर, कागद यात ठेवा. तर त्या ट्रेवरही आठवडाभर विनोद.
तुमच्याकडे असं काही झालं असेल तर लिहा. ऑफिसचं नाव घालू नका.

निपाणकरीण
आमची आई बिड्या वळायची. माल घेणारा छाट काढायचा, म्हणजे खराब म्हणून बिड्या बाजूला टाकायचा. त्याच्या थट्टेला जी हसेल तिची छाट कमी, जी गप्प बसेल तिची मूठभर बिडी बाजूला. म्हणजे हसण्याचे पैसे होते. आई कधी हसली नाही, आणि आमच्या घरात पैसे कायम कमीच. कुकर झालाय, नंतर लिहिते.

उद्यमबाग_सीएनसी
सगळेच तसे नसतात ओ. आता "आज छान दिसताय" पण म्हणायचं नाही काय? वर्कशॉपमध्ये चेष्टामस्करी नसेल तर बारा तास उभं राहून माणूस मरेल.

खानापूरची
@सीएनसी भाऊ, हेच सोमवारी तुमच्या मालकिणीला म्हणून बघा. मंगळवारी कामावर असला तर कळवा 😀

उद्यमबाग_सीएनसी
😂 बरं बरं. मालकीण नाही, मालकाचे वडील येऊन बसतात.

सोसायटीतली_वैनी
मला सगळे "वैनी" म्हणतात. आधी बरं वाटलं, मान दिला म्हणून. मग कळलं, वैनी म्हटलं की दिराची मोकळीक घेता येते. नवरा गोव्याला असतो, तर "वैनी, थंडीत कसं होतंय तुमचं?" एकदा मीच चारचौघांत म्हणाले, वैनी म्हणता ना, मग आधी पाया पडा. एकजण गप्प. दुसऱ्यानं खरंच वाकून केलं आणि पुन्हा सगळे हसले. अशा माणसापुढे काय करायचं सांगा.

नाइट_ड्युटी
आमच्यात एक सीनियर "सिस्टर, कॉमेडी बघा" म्हणून मोबाईल पुढे करायचा. पहिल्या दोन क्लिप खरंच कॉमेडी. तिसरी नव्हती. मी उठले तर म्हणे, "अगं चुकून लागली." रोज चुकून? जास्त लिहीत नाही, बस आली.

कॅम्पातली_वकील
कोर्टाच्या सुट्टीत लिहितेय, घाईत आहे. नाइट_ड्युटी, कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, त्यात अश्लील चित्र किंवा क्लिप दाखवणं सरळ लिहिलेलं आहे. लैंगिक अर्थाचं बोलणं पण. "चेष्टेत म्हटलं" एवढ्यावर सुटका नाही, समोरच्या बाईला ते नको होतं का, हे बघतात. १९९७ ला विशाखा निकालात सुप्रीम कोर्टानं नियम घालून दिले, कायदा व्हायला पुढची सोळा वर्षं गेली.
दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं अंतर्गत समिती पाहिजेच, अध्यक्ष बाईच. कमी माणसं असतील, किंवा तक्रार मालकावरच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. घरकाम करणाऱ्या बायकांनाही तीच. घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची, कारण पटलं तर आणखी तीन.

शहापूरची_लेक
मला तक्रार करायची नाही हो मॅडम, आमचं केव्हाच होऊन गेलं. व्हिडिओ बघून राहवलं नाही एवढंच.

फौंड्री_अप्रेंटिस
पोरांचं काय? नवीन पोरगं आलं की जुने लोक पँट ओढणार, काय काय बोलणार. मी बाथरूमला एकटा जात नव्हतो. सांगितलं तर "मर्द हायस न्हवं?"

कॅम्पातली_वकील
@अप्रेंटिस हा कायदा फक्त बायकांसाठी आहे, दुर्दैवानं. कंपनीच्या शिस्तीच्या नियमांत बसवता येतं, मारहाण असेल तर पोलीस. एकटे राहू नका, लेखी द्या.

उद्यमबाग_सीएनसी
@अप्रेंटिस कुठल्या शेडला आहेस रे? मेसेज कर. आमच्याकडे जागा आहे.

निपाणकरीण
आले. भात करपला. कुंदा कुठला होता गं त्या समारंभात?

शहापूरची_लेक
तू पण ना 😄 बॉक्स लांबून दिसला, नाव नाही दिसलं.

खानापूरची
वकील मॅडम, एक विचारायचं होतं. माझ्या बहिणीचं आहे. सहा माणसांचं ऑफिस. तिला कन्नड बोलता येतं, लिहिता येत नाही. दोन महिने होत आलेत.

कॅम्पातली_वकील
मग स्थानिक समिती, आणि आता वेळ घालवू नका. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला समितीनंच मदत करायची असते. तारीख, जागा, काय बोलला ते त्याच्याच शब्दांत, कोण हजर होतं. "घाणेरडं बोलला" एवढं पुरत नाही. मेसेज असतील तर स्क्रीनशॉट, डिलीट करू नका म्हणावं. सहा प्रती लागतात.

खानापूरची
त्याच्याच शब्दांत लिहायचं म्हटल्यावर ती रडाली. आणि इथला झेरॉक्सवाला आमच्या भावकीतला, हातात कागद आला की वाचतो.

कॅम्पातली_वकील
मग खानापुरात काढूच नका. सोमवारी मी अकरापासून कोर्टात आहे, डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिस तिथून जवळच. तिला घेऊन या, झेरॉक्स इथं काढू.

खानापूरची
साडेनऊची बस धरतो.