घटस्फोट झाला की पाळकपद कायमचं बंद?
कुणीतरी लिहिलंय की घटस्फोटिताला बॅप्टिस्ट (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळक (पास्टर) होताच येत नाही. असा सरसकट नियम नाही. बॅप्टिस्टांत प्रत्येक स्थानिक मंडळी आपलं आपण ठरवते. पाळकासाठी बायबलमधल्या १ तीमथ्य ३:२ मधली 'एका स्त्रीचा पती' ही अट आहेच, जिच्यावर घटस्फोटिताला अडवलं जातं, पण त्याच यादीत भांडखोरपणा आणि द्रव्यलोभही वर्ज्य आहेत. त्यांची इतकी कसून चौकशी कुठे होते? शिवाय घटस्फोटाच्या मनाईला मत्तय १९:९ मध्ये जारकर्माचा (व्यभिचाराचा) अपवाद आहे, १ करिंथ ७:१५ मध्ये विश्वास न ठेवणारा जोडीदार सोडून गेल्याचा. टाकून दिलेला आणि टाकणारा, दोघांना एकच शिक्षा हा मला उघड अन्याय वाटतो. पुनर्विवाह झालेल्याच्या नेमणुकीत मात्र घाई नको. नव्या घराची घडी कशी बसलीय, हे मंडळीने काही वर्षं जवळून पाहावं.