खान्देश मेळाव्यासाठी केळीची वाइन: कंटेनरमधून कशी आणायची?

मंडळी, राम राम.

मेळाव्यासाठी कळण्याचं पीठ, उडदाचे पापड, लोणची असं सगळं जळगावहून बोटीने अमेरिकेला येतंय. रावेरचा एकजण परवाना घेऊन केळीची वाइन करतो. तिचे काही खोके त्यातच टाकावेत असं मनात आहे. धडगावकडच्या स्नेह्यांनी मोहाचीही देऊ केलीय. एजंट म्हणतो, दारू म्हणजे धोकादायक माल, भाडं वेगळं. खरं का? भुसावळचे नाना यात मुरलेले आहेत, त्यांनी सांगावं.

चोपड्याची ताई

---

ताई,

एजंट सरसकट बोलतोय. बाटलीतल्या अल्कोहोलच्या टक्क्यांवर सगळं ठरतं. 24 टक्क्यांपर्यंतचं पेय धोकादायक मालात येतच नाही. त्यापुढे ते वर्ग 3 चं ज्वलनशील द्रव, यूएन 3065 (धोकादायक माल ओळखायचा आंतरराष्ट्रीय क्रमांक). 70 टक्क्यांपर्यंत पॅकिंग गट 3, म्हणजे कमी धोक्याचा, त्याहून कडक असेल तर गट 2. गट 3 लाही बोटीने 250 लिटरपर्यंतच्या भांड्यात सूट आहे. केळीची वाइन 24 च्या कितीतरी खाली असते. लेबलाचा फोटो आणि प्रयोगशाळेचा दाखला एजंटला पाठवा आणि जादा भाडं अजिबात मान्य करू नका.

लेबल मात्र नीट वाचा. आपल्याकडच्या देशी दारूवर ‘25 यूपी’ छापलेलं असतं, त्याला लोक 25 टक्के समजतात. यूपी म्हणजे ‘अंडर प्रूफ’, दारूची तीव्रता मोजायचं जुनं माप, प्रत्यक्षात 42.8 टक्के. 40 टक्क्यांच्या दारूची वाफ 26 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, आणि भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. म्हणून हे आकडे मी कधीच हलक्यात घेत नाही.

दुसरं, ‘वाइन’ शब्द पाहून एजंट कस्टमच्या कागदांवर मालाचा 2204 हा कोड टाकेल. तो द्राक्षाच्या वाइनचा. केळीची 2206 मध्ये जाते. कोड चुकला की कस्टममध्ये माल अडकतो आणि पापडही त्याच्यासोबत पडून राहतात. तिकडे फेडरल परवाना असलेला आयातदार लागेल, तो आधी शोधा. राज्याचे नियम तोच सांगेल.

आता पॅकिंग, खरं नुकसान इथेच होतं. पाच प्लायचा खोका, आत उभ्या-आडव्या पार्टिशनचे बारा कप्पे. बाटली कप्प्यात घट्ट बसली पाहिजे. खोका बंद करून कानाशी हलवा, खळखळ आली तर पुन्हा भरा. 750 मिलीच्या बारा बाटल्यांचा खोका पंधरा किलोच्या आसपास जातो, त्यामुळे तळाला टेप इंग्रजी एच अक्षरासारखी मारा. मालाखालच्या लाकडी पॅलेटवर आयएसपीएम 15 (लाकडातून कीड जाऊ नये म्हणूनचा आंतरराष्ट्रीय नियम) चा शिक्का हवा, म्हणजे लाकडाचा गाभा 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेला. शिक्का नसेल तर माल बंदरातूनच परत येऊ शकतो. धुळे, नाशिक, कसारा घाट करत न्हावा शेवापर्यंत ट्रक उन्हात तापतो. वाइन फुगते, बूच वर सरकतं. पाठवायची तर हिवाळ्यात पाठवा, आणि स्क्रू कॅपचीच घ्या.

मोहाची मात्र नको. सातपुड्यात देवापुढे तिची धार धरतात, तिचा मान मोठा आहे. पण लेबल नाही, टक्का माहीत नाही, परवाना नाही, तर तिला कोणत्या वर्गात टाकणार? लोणच्याच्या डब्यात लपवून पाठवायचं कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. एका बाटलीपायी अख्ख्या मंडळाचा माल रोखला जाईल.

भुसावळचे नाना

---

नाना, लाख मोलाचं सांगितलंत. मोहाचीचा विषय संपला. भाचा जानेवारीत विमानाने येतोय, त्याच्या बॅगेत सीलबंद व्हिस्की चालेल ना?

ताई

---

चालेल. 24 ते 70 टक्क्यांची, दुकानातल्या मूळ पॅकिंगमध्ये, माणशी जास्तीत जास्त 5 लिटर, तीही चेक-इन बॅगेत. मात्र अमेरिकेत ड्युटीची सूट साधारण 1 लिटरलाच आणि वय 21 पूर्ण हवं, हे त्याला निघण्याआधी सांगा. वाइनच्या लेबलाचा फोटो आला की मला पाठवा, एजंटशी मीच बोलतो.

नाना