लहानपणी पाहिलेले ‘चेतक’ १:७२ मध्ये : रंग आठवणीतला घ्यावा की छायाचित्रातला?

मुरगावकर

नमस्कार. माझे बालपण वास्कोत गेले. वडिलांची बदली होऊन १९८३ च्या उन्हाळ्यात आम्ही गोवा सोडले, तोपर्यंत दाबोळीच्या धावपट्टीवरून उडणारी विमाने आणि हेलिकॉप्टरे हा आमच्या रोजच्या पाहण्यातला भाग होता. त्यांपैकी एक दृश्य मनात पक्के बसले आहे. पाऊस नुकताच थांबला होता, आभाळ पूर्ण भरलेले होते आणि किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर एक चेतक हेलिकॉप्टर पाण्यावर स्थिर राहून दोराने एका माणसाला वर घेत होते. तो सराव होता की खरोखर कोणाला वाचवले जात होते, हे त्या वयात कळले नाही. मात्र उघड्या दारात पालथा पडून खाली पाहणारा माणूस मला आजही स्पष्ट दिसतो.

हे दृश्य मॉडेलच्या रूपात उभे करावे असे फार दिवसांपासून मनात होते आणि आता हेलर कंपनीचे अलूएट-३ चे (चेतक हे याच फ्रेंच हेलिकॉप्टरचे भारतात बनलेले रूप) १:७२ प्रमाणातील किट हाती आले आहे. अडचण रंगाची आहे. माझ्या आठवणीतले हेलिकॉप्टर पांढरे असून त्याचे नाक नारिंगी आहे. तटरक्षक दलाच्या चेतकांची जी छायाचित्रे मला मिळाली, ती बरीच नंतरची आहेत आणि त्यांतील रंगसंगती माझ्या आठवणीशी जुळत नाही. अशा वेळी जाणकार काय करतात? शिवाय हे मॉडेल उडत्या स्थितीत दाखवण्यासाठी कोणती काळजी घ्यावी, याबद्दलही मार्गदर्शन हवे आहे.

आग्वाद

मुरगावकर, रंग ठरवण्याआधी तारीख ठरवावी, असे मी सुचवेन, कारण तुमच्या बाबतीत तारखेवरून बरेच काही निश्चित करता येते. तटरक्षक दलाचे पहिले हवाई पथक, म्हणजे ८०० क्रमांकाचे चेतक पथक, गोव्यात २२ मे १९८२ रोजी स्थापन झाले. तुम्ही १९८३ च्या उन्हाळ्यात गोवा सोडले आणि दृश्य पावसाळ्यातले आहे, असे तुम्हीच म्हणता. याचा अर्थ ते हेलिकॉप्टर तटरक्षक दलाचे असेल, तर त्यासाठी १९८२ चा एकच पावसाळा उरतो. दृश्य त्याआधीच्या पावसाळ्यातले असेल, तर ते जवळजवळ निश्चितपणे नौदलाचे होते. नौदलाचे ३२१ क्रमांकाचे पथक, ज्याला ‘एंजल्स’ म्हणतात, ते १५ मार्च १९६९ रोजी दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावरच उभे राहिले आणि समुद्रातून माणसे वाचवणे हेच त्याचे मुख्य काम होते. विक्रांतवरून सी हॉक किंवा अलिझे विमाने उडत आणि उतरत असताना जहाजाच्या बाजूला हवेत थांबून राहणारे आणि एखादे विमान पाण्यात पडले तर वैमानिकाला उचलणारे हेलिकॉप्टर याच पथकाचे असे.

म्हणून आधी एवढेच आठवून पाहा, की त्या पावसाळ्यात तुम्ही कितव्या इयत्तेत होता. इयत्ता, शाळेची इमारत, बाकावर शेजारी बसणारा मित्र यांवरून वर्ष बऱ्यापैकी खात्रीने सांगता येते. रंगाचे तसे होत नाही. काळ्या ढगांसमोर फिकट राखाडी किंवा रुपेरी पृष्ठभागसुद्धा पांढरा भासतो आणि नंतर मासिकांत, संचलनात पाहिलेली हेलिकॉप्टरे त्या मूळ दृश्यात नकळत मिसळून जातात. उलट आकार, कोन, माणसाची स्थिती, प्रकाश या गोष्टी लहान मुलाच्या स्मरणात विलक्षण नेमक्या राहतात, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे मांडणी पूर्णपणे आठवणीनुसार करावी आणि रंगासाठी त्या वर्षाचे, त्या पथकाचे, शक्यतो तारीख असलेले छायाचित्र शोधावे. बोगमाळो येथील नौदल विमान संग्रहालय अवश्य पाहा, पण तेथील रंगाला प्रमाण मानू नका. उघड्यावर ठेवलेली विमाने देखभालीसाठी पुन्हा पुन्हा रंगवावी लागतात.

पाते_आणि_पंखा

उडत्या स्थितीबद्दल लिहितो. चेतक जमिनीवर उभे असताना रोटरची पाती स्वतःच्या वजनाने खाली झुकतात, तर हवेत असताना सगळ्या यंत्राचा भार त्यांवर आल्यामुळे तीच पाती टोकांकडे किंचित वर उचललेली असतात. किटमधली पाती सरळ असतील, तर ती गरम पाण्यात धरून हलक्या हाताने वर वळवावीत. हा बाक अगदी थोडा ठेवावा, पण तो नसेल तर मॉडेल हवेत तरंगत असल्याचे पटत नाही. मूळ रोटरचा व्यास ११.०२ मीटर आहे, म्हणजे १:७२ मध्ये सुमारे १५३ मिलिमीटर. पाती कापण्या-जोडण्यापूर्वी एकदा मोजून घ्या. फ्रेंच परंपरेप्रमाणे हा रोटर वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. अमेरिकी हेलिकॉप्टरांच्या सवयीने पाती उलट बसवलेली मी प्रदर्शनांतसुद्धा पाहिली आहेत.

विंच, म्हणजे दोर वर ओढून घेणारे यंत्र, डाव्या बाजूला, दाराच्या वर असते. मागचे दार सरकते आहे, त्यामुळे डावे दार मागे सरकवलेल्या स्थितीत चिकटवावे लागेल आणि केबिनची जमीन, आसने, दारात पालथा असलेला माणूस हे सगळे दिसणार असल्याने आतील काम आधी पूर्ण करावे लागेल. दोरासाठी शिवणाचा दोरा वापरू नका. बचावकार्यातील पोलादी तार साधारण पाच मिलिमीटर जाडीची असते. १:७२ मध्ये ती ०.०७ मिलिमीटर होते, म्हणजे जवळजवळ केसाइतकी. स्प्रूचा, म्हणजे किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात तिचा, तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीजवळ मऊ करून ताणला की इतका बारीक धागा मिळतो. खाली माणूस लटकलेला असताना तार ताठ असते, म्हणून हा धागा सरळच राहिला पाहिजे. त्यात जरा जरी वळण राहिले, तर माणसाला वजन आहे असे वाटत नाही. रोटरच्या वाऱ्याने खालच्या पाण्यावर गोलाकार फवारा उठतो, तोही पायथ्याच्या पाण्यात दाखवावा.

नाकाच्या काचेबद्दल एक सूचना आहे. चेतकचे नाक म्हणजे जवळजवळ सगळी काच. ती सुपरग्लूने जोडली, तर त्याच्या वाफेने आतून पांढरट धुके धरते आणि ते निघत नाही. साधे फेविकॉल पुरते आणि वाळल्यावर पारदर्शक होते.

मुरगावकर

आग्वाद, तुमच्या म्हणण्याप्रमाणे आठवून पाहिले आणि बहिणीलाही फोन केला. त्या पावसाळ्यात ती माझ्याच शाळेत नुकतीच पहिलीत दाखल झाली होती आणि आम्ही दोघे एकत्र घरी येत होतो, हे दोघांनाही पक्के आठवते. ती पहिलीत गेली जून १९८२ मध्ये. त्यामुळे तटरक्षक दलाची शक्यता शिल्लक राहते, मात्र नौदलाची शक्यताही पूर्णपणे संपत नाही, कारण दोन्ही दलांची चेतके तेव्हा एकाच तळावरून उडत होती. पांढरा रंग तिलाही आठवतो. नारिंगी नाक तिला आठवत नाही.

लॅकर_आणि_पाऊस

दोघांच्या साक्षी स्वतंत्र असतील आणि त्या पांढऱ्यावर जुळत असतील, तर मी पांढरा धरेन. नारिंगी नाकाला मात्र तुमच्या एकट्याच्या आठवणीचा आधार आहे, तेव्हा छायाचित्र मिळेपर्यंत ते रंगवू नका. पांढऱ्यावर नारिंगी नंतर केव्हाही चढवता येते. नारिंगीवर पुन्हा स्वच्छ पांढरा आणणे फार कष्टाचे असते.

पांढऱ्याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण हा सर्वांत अवघड रंग आहे. बाटलीतला शुद्ध पांढरा या लहान आकारावर खडूसारखा दिसतो. त्यात अगदी थोडा राखाडी मिसळावा, विशेषतः तुमचे दृश्य ढगाळ प्रकाशातले असल्यामुळे. खाली फिकट राखाडी प्रायमर द्या आणि वर चार-पाच अत्यंत पातळ थर, प्रत्येक थर वाळू देऊन. पहिल्या थरातच सगळे झाकण्याचा प्रयत्न केला, तर पॅनेलच्या बारीक रेषा भरून जातात. तुम्ही कोकणपट्टीत किंवा मुंबईत असाल, तर लॅकर रंग पावसाळ्यात फवारू नका, कारण हवेतील ओलावा वाळत्या थरावर साचून पृष्ठभाग दुधाळ आणि निस्तेज होतो. दिवाळीनंतरची कोरडी हवा त्या कामाला उत्तम. त्याआधी केबिन आणि माणसे रंगवून ठेवता येतील.

अक्षरांचे डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची पातळ छापील पट्टी, घरी छापताना पांढरे हेलिकॉप्टर सोयीचेच ठरते. साधा प्रिंटर पांढरा रंग छापू शकत नाही, पण पारदर्शक डेकल कागदावर गडद अक्षरे छापून पांढऱ्या पृष्ठभागावर लावली, तर ती उत्तम उठून दिसतात. डेकल लावण्याआधी त्या जागी चकचकीत क्लिअरचा (पारदर्शक वार्निशचा) थर द्या, नाहीतर कडेला हवा अडकून रुपेरी छटा येते.

शेवटी काजळीचे. चेतकचे आर्तूस्त इंजिन केबिनच्या मागे उघड्यावर बसवलेले असते आणि त्याचा धूर शेपटीच्या नळीवरून मागे जातो. त्यामुळे पांढऱ्या नळीच्या वरच्या बाजूला इंजिनाजवळ थोडी दाट आणि मागे विरत जाणारी तपकिरी-काळी छटा द्या. ती कोरड्या पेस्टल पावडरीने, मऊ ब्रशने द्यावी; फवारली तर कडा फार ठळक येतात. मात्र ८०० क्रमांकाचे पथक १९८२ च्या पावसाळ्यात नुकतेच उभे राहिले होते, म्हणून तुम्ही तेच यंत्र गृहीत धरत असाल, तर ही छटा अगदी हलकी ठेवा.