व्हॉल्व्ह बदलल्याने गिटार अँपचा आवाज खरोखर किती बदलतो?

मूळ लेखन : नौपाडा, ठाणे

माझा अँप १५ वॅटचा आहे. प्रीअँपमध्ये (गिटारचा क्षीण सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागात) तीन १२एएक्स७ आणि स्पीकर चालवण्यासाठी दोन ईएल८४ असे एकूण पाच व्हॉल्व्ह, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या, त्यात आहेत. गेल्या महिन्यात इनपुटलगतचा पहिला १२एएक्स७ काढून त्या जागी मी सिग्नल कमी वाढवणारा १२एवाय७ बसवला आणि चार वर्षे निरनिराळ्या पेडलांतून जो आवाज शोधत होतो, तो मला मिळाला. पूर्वी गेनचे (सिग्नल किती वाढवायचा त्याचे) बटण ३ च्या पुढे नेले की खालच्या तारांचा नुसता गोंधळ ऐकू येत असे. आता ७ वरही ई आणि ए या दोन जाड्या तारा वेगवेगळ्या ऐकू येतात, बोट हलके ठेवले तर आवाज स्वच्छ राहतो आणि जोरात छेडले तरच फुटतो (डिस्टॉर्ट होतो).

हा प्रयोग मी हवेत केलेला नाही. फेंडर कंपनीच्या १९५० च्या दशकाअखेरच्या बासमन अँपमध्ये पहिल्या जागी १२एवाय७ च असे. १९६२ मध्ये लंडनला जिम मार्शल यांच्या दुकानात त्याच आराखड्यावरून जेटीएम४५ हा अँप तयार झाला, तेव्हा तिथे ईसीसी८३, म्हणजे १२एएक्स७ आला. या दोन अँपांच्या स्वभावातल्या फरकाला इतरही कारणे आहेत, पण हे एक नक्कीच आहे.

त्यानंतर उरलेल्या दोन जागी दुसऱ्या कंपनीचे १२एएक्स७ लावून पाहिले, तर आवाज आणखी मोकळा झाला. त्यामुळे माझे मत असे झाले आहे की नवे पेडल घेण्याआधी प्रत्येकाने व्हॉल्व्ह बदलून पाहावेत.

प्रतिसाद : सीवूड्स, नवी मुंबई

आपल्या लेखनात दोन वेगळे दावे एकत्र आले आहेत आणि माझा आक्षेप मुख्यतः दुसऱ्याला आहे.

१२एएक्स७ चे प्रवर्धन, म्हणजे सिग्नल वाढवण्याची क्षमता, १०० धरले जाते, १२एटी७ चे ६०, १२एवाय७ चे साधारण ४४ आणि १२एयू७ चे २० च्या आसपास. म्हणजे पहिल्याच पायरीवर (पहिल्या व्हॉल्व्हमध्ये) आपण सिग्नल निम्म्याच्या जवळ आणला. आवाज बदलणारच, पण गेनचे बटण मागे घेऊन त्यातला बराचसा परिणाम फुकटात मिळाला असता.

कंपनी बदलल्याने आवाज मोकळा झाला, हे मात्र मला मान्य नाही. व्हॉल्व्ह काढून थंड होऊ देणे, दुसरा बसवणे, तो तापण्याची वाट पाहणे यात पाच-सात मिनिटे जातात आणि आवाजाचे बारकावे तेवढा वेळ कानात टिकत नाहीत. शिवाय जो व्हॉल्व्ह किंचित मोठा वाजतो, तो आपल्याला चांगला वाटतो. वाशीच्या सरावाच्या खोलीत आम्ही चौघांनी हे तपासले. एकच तुकडा लूपरमध्ये (वाजवलेले साठवून पुन्हा ऐकवणाऱ्या पेडलमध्ये) भरून तोच पुन्हा पुन्हा अँपला दिला, आवाजाची पातळी मीटरवर सारखी केली आणि ऐकणारे पाठमोरे बसले. १२एवाय७ सगळ्यांनी दर वेळी ओळखला. तीन वेगळ्या नावांचे १२एएक्स७ मात्र कोणालाही सातत्याने ओळखता आले नाहीत. त्यात मीही होतो, आणि त्यातला एक व्हॉल्व्ह मी मुद्दाम दुप्पट पैसे देऊन आणला होता.

कंपन्यांच्या नावांचेही पाहा. सोव्हटेक, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स आणि आजचा टंग-सोल हे तिन्ही रशियातल्या सारातोव्हच्या एकाच कारखान्यातून येतात. एवढ्या खर्चात स्पीकर बदलला, तर फरक शेजारच्या खोलीतही कळेल.

प्रतिसाद : खारघर, नवी मुंबई

कंपनीने फरक पडत नाही, असे सरसकट म्हणू नये. आवाजाचा पोत बाजूला ठेवला तरी खरखर आणि मायक्रोफोनिक होण्याची (हादऱ्याने स्वतःच वाजण्याची) खोड यांत मोठा फरक असतो. पेन्सिलीच्या टोकाने व्हॉल्व्हच्या काचेवर हळूच टकटक करा; काही स्पीकरमधून घंटेसारखे वाजतात, काही जवळजवळ गप्प राहतात. कॉम्बो अँपमध्ये व्हॉल्व्ह स्पीकरच्या पेटीतच हादरत असतात, तिथे हा गुण आवाजाइतकाच महत्त्वाचा आहे.

मूळ लेखकाचे उत्तर : नौपाडा

गेनचे बटण मागे घेतल्याने तेच मिळाले असते, हे माझ्या अँपला लागू नाही. त्यात, आणि बहुतेक अँपांत, ते बटण पहिल्या पायरीच्या नंतर येते. माझ्या गिटारला जोरकस सिग्नल देणारे हंबकर पिकअप आहेत आणि पुढे तो आणखी वाढवणारे एक बूस्ट पेडल असते. त्या जोरावर पहिली पायरीच ओसंडत असेल, तर पुढचे बटण कितीही मागे घेतले तरी तिथे झालेला बिघाड निघत नाही. शिवाय १२एवाय७ चा अंतर्गत रोध कमी असल्यामुळे त्याच रेझिस्टरांवर तो वेगळ्या बिंदूवर काम करतो, म्हणजे फुटतोही वेगळ्या तऱ्हेने.

कंपनीच्या मुद्द्यावर मी लूपर लावला नव्हता, हे कबूल करतो. पण फरक मला तीन दिवस सलग ऐकू आला आणि तो कानाचा भास होता, असे मला वाटत नाही.

प्रतिसाद : कळवा, ठाणे

मी अँप दुरुस्त करतो, म्हणून एक साधा प्रश्न विचारतो. व्हॉल्व्ह बदलताना सॉकेट आणि पिना आपण आधी साफ केल्या होत्या का? खाडीकाठच्या दमट, खारट हवेत दोन पावसाळे गेले की पिनांवर काळपट थर बसतो. व्हॉल्व्ह नुसता काढून परत घातला तरी तो थर घासला जातो, संपर्क सुधारतो आणि आवाज मोकळा वाटतो. माझ्याकडे येणाऱ्या अनेक अँपांत नव्या व्हॉल्व्हचे श्रेय खरे तर या घासण्याचे असते.

स्पीकर चालवणाऱ्या पॉवर व्हॉल्व्हबद्दलही सांगतो, कारण हे वाचून कोणीतरी तिथे हात घालील. आपले ईएल८४ कॅथोड बायसवर असतील, म्हणजे त्यांचा स्थिर प्रवाह आपोआप ठरत असेल, तर त्याच प्रकारची नवी जोडी सरळ बसते. फिक्स्ड बायस अँपमध्ये, जिथे तो प्रवाह बाहेरून ठरवावा लागतो, तसे चालत नाही. ३० वॅट क्षमतेच्या ६एल६जीसी या पॉवर व्हॉल्व्हला ७० टक्क्यांवर ठेवायचे, तर ४५० व्होल्टवर साधारण ४६ मिलिअँपिअर प्रवाह येतो. तो मोजून लावावा लागतो. ६एल६ च्या जागी ईएल३४ घालायचा असेल, तर हीटरचा (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेचा) प्रवाह ०.९ वरून १.५ अँपिअरवर जातो, तेवढा ट्रान्सफॉर्मरला पेलला पाहिजे, आणि १ क्रमांकाची पिन ८ शी जोडलेली हवी. अँप बंद करून प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका विजेचा दाब शिल्लक असू शकतो, हे विसरू नये.

आणखी एक. निगेटिव्ह फीडबॅक (बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून परत आत देण्याची सोय) असलेल्या अँपमध्ये पॉवर व्हॉल्व्हांतले फरक बरेच दबतात. व्हॉक्स एसी३० या अँपमध्ये तो फीडबॅक नाही, तिथे ते जास्त ऐकू येतात. त्यामुळे एकाच्या अँपवरचा अनुभव दुसऱ्याच्या अँपला लागू होईलच असे नाही.

मूळ लेखकाचे उत्तर : नौपाडा

नाही, पिना साफ केल्या नव्हत्या. काल रात्री कॉन्टॅक्ट क्लीनरने सगळे सॉकेट पुसले आणि माझे जुने १२एएक्स७ दुसऱ्या व तिसऱ्या जागी परत लावले. तो मोकळेपणा त्यांच्यातही आला आहे. कंपनीबद्दलचा माझा दावा मी मागे घेतो. पहिल्या जागेवरचा १२एवाय७ मात्र मी काढणार नाही.

प्रतिसाद : सीवूड्स

बटण पहिल्या पायरीनंतर येते, हा आपला मुद्दा बरोबर आहे. मी तो ध्यानात घेतला नव्हता. तरीही तीच गोष्ट बूस्ट पेडलची पातळी खाली आणून तपासता येईल. लूपर आणि मीटर घेऊन रविवारी ठाण्याला येतो. १२एवाय७ आणि जुना १२एएक्स७ दोन्ही तयार ठेवा.