मदत हवी आहे: शिबिरातून रक्त न देता परत जाणाऱ्या बायकांसाठी काय करावं?

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावी रोटरी क्लब आहे. १ जुलैला रोटरीचं नवं वर्ष सुरू होतं, पदाधिकारी बदलतात, उपक्रम ठरतात. त्या सभेत मला एक विषय मांडायचाय.

रक्तदान शिबिराला बायका घरचं आवरून हौसेने येतात. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब निळ्या द्रावणात सोडतात. तो बुडाला नाही की "ताई, हिमोग्लोबिन कमी आहे", विषय संपला. रक्तदानाला किमान १२.५ ग्रॅम लागतं. आपण पिशव्या मोजतो, पण या बायकांचं पुढे काय होतं ते कुणीच बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्या क्लबने किंवा महिला मंडळाने यांचा पाठपुरावा केलाय का? प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलणं कसं केलंत? लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं, पोट धरतं, म्हणून बायका त्या मध्येच सोडतात. तिथे काय उपयोगी पडलं? नुसता गूळ-शेंगदाण्याचा पुडा वाटून भागणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि यादी ठेवायची तर कुणाची नावं चारचौघांत जाऊ नयेत, यासाठी काय करता?

सभेआधी कळलं तर नीट मांडता येईल.