मस्टँगचं सगळं श्रेय मर्लिन इंजिनाला? मला नाही पटत

गगनभेदी
दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं: पी-५१ मस्टँग हे मुळात सुमार अमेरिकन विमान, ब्रिटिशांनी त्यात रोल्स-रॉईसचं मर्लिन बसवलं आणि त्याचं सोनं झालं. मला हे अर्धसत्य वाटतं.

१९४० साली ब्रिटिश खरेदी मंडळाला नॉर्थ अमेरिकन कंपनीकडून पी-४०, म्हणजे कर्टिस कंपनीची लढाऊ विमानं, बनवून हवी होती. कंपनी म्हणाली, दुसऱ्याचं विमान कशाला, आम्ही नवंच देतो. कंपनीचा आरेखक एडगर श्मूड याच्या चमूने करारानंतर १०२ दिवसांत पहिलं विमान उभं केलं. इंजिन तेवढं यायचं होतं. ऑक्टोबरात ते उडालंसुद्धा! इतक्या घाईतही पंखाचा छेद नव्या लॅमिनार पद्धतीचा, म्हणजे हवा पंखावरून जास्त सुरळीत वाहावी असा, आणि रेडिएटर पोटाखाली मागे अशा बेताने बसवलेला की तापलेली हवा मागून जोरात बाहेर पडते आणि रेडिएटरमुळे होणारा हवेचा अडथळा बराचसा भरून निघतो.

आता पुरावा. ब्रिटिशांचं लढाऊ विमान स्पिटफायर, त्याच्या मार्क ९ मध्येही दोन टप्प्यांच्या सुपरचार्जरचं (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) मर्लिनच होतं. तरी तसंच इंजिन लावलेलं, वजनाने जड असलेलं मस्टँग ताशी २०-३० मैल जास्त पळत होतं. इंजिन तेच, तर हा वेग आला कुठून?

तेलकट हात
अहो, वेग कुठल्या उंचीवर ते तर सांगा! सुरुवातीच्या मस्टँगमधलं ॲलिसन इंजिन १५ हजार फुटांच्या वर धापा टाकायचं, कारण त्याचा सुपरचार्जर एकाच टप्प्याचा. म्हणून तर ब्रिटिश हवाई दलाने हे विमान लष्कराच्या मदतीला, खालून उडून फोटो काढायला आणि रेल्वे इंजिनं फोडायला दिलं. खरी लढाई बॉम्बर्सच्या उंचीवर, २५ हजार फुटांच्या आसपास चालली होती. तिथे या विमानाला कोण विचारत होतं?

३० एप्रिल १९४२ ला रोल्स-रॉईसचा वैमानिक रॉनी हार्कर याने डक्सफर्डला हे विमान उडवून पाहिलं आणि यात मर्लिन ६१ घाला असं सुचवलं. दोन टप्प्यांचा सुपरचार्जर, शिवाय दाबलेली हवा थंड करायची सोय. त्या ऑक्टोबरात मर्लिनवालं मस्टँग उडालं. पुढे अमेरिकेत पॅकार्डने बनवलेलं मर्लिन लावून पी-५१बी आलं, ते ३० हजार फुटांवर ताशी ४४० मैलांच्या घरात. तुमचे ते देखणे पंख त्याआधीही होतेच की.

गगनभेदी
मग स्पिटफायर बर्लिनला का नाही गेलं? मर्लिन तर तिथेही होतं. स्पिटफायरच्या पोटात मूळ ८५ ब्रिटिश गॅलन इंधन. मस्टँगच्या नुसत्या पंखांत साधारण १५०, आणि नंतर वैमानिकाच्या मागे आणखी एक टाकी. इतकं इंधन वाहून वर वेगही जास्त, ही करामत ढाच्याची.

सरळसोट
तुम्ही दोघं एकाच विमानावरून भांडताय. १४ ऑक्टोबर १९४३ ला जर्मनीतल्या श्वाइनफुर्टवर गेलेल्या २९१ अमेरिकन बी-१७ बॉम्बर्सपैकी ६० परत आली नाहीत. सोबतची पी-४७ थंडरबोल्ट फायटर्स जर्मनीच्या सीमेपाशीच मागे फिरली होती. बॉम्बर्स दाटीवाटीने उडाले तर स्वतःचं रक्षण करतील, हा अमेरिकन सेनानींचा हट्ट तोपर्यंत बऱ्यापैकी टिकून होता. खरा बदल दोन गोष्टींनी झाला. एक, ड्रॉप टँक, म्हणजे रिकाम्या झाल्या की टाकून द्यायच्या जादा इंधनाच्या टाक्या: ब्रिटनमध्ये दाबलेल्या कागदाच्यासुद्धा बनत, १०८ गॅलनच्या. दुसरं, जानेवारी १९४४ मध्ये अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाचा प्रमुख म्हणून आलेल्या डूलिटलने फायटर्सना मोकळं सोडलं: बॉम्बर्सना चिकटून बसू नका, जर्मन विमानं शोधून पाडा. फेब्रुवारीतल्या ‘बिग वीक’मध्ये, म्हणजे जर्मन विमान कारखान्यांवरच्या आठवडाभराच्या हल्ल्यांत, सोबतीला जास्त करून थंडरबोल्टच होती. जर्मन वैमानिकांचं कंबरडं मोडायला तिथूनच सुरुवात झाली. मस्टँग आयत्या वेळी येऊन फोटोत पुढे उभं राहिलं.

तेलकट हात
हे जरा जास्तच होतंय हं. शोधून पाडा म्हणायला जर्मनीत खोलवर पोचावं लागतं, आणि मार्चमध्ये थंडरबोल्ट बर्लिनवर घिरट्या घालू शकत नव्हतं.

मागच्या बाकावरून
बर्लिनच्या बाहेरही जग होतं, मंडळी. ॲलिसनवाल्या मस्टँगला नावं ठेवणाऱ्यांनी आपल्याकडे पाहावं. १९४३ मध्ये आसामातल्या दिनजानहून ए-३६ उडत होती. हे मस्टँगचंच सूर मारून बॉम्ब टाकणारं रूप, पंखांवर ब्रेक लावलेलं, एकूण ५०० बनली. १९४४ मध्ये चिंडिट, म्हणजे जपान्यांच्या पिछाडीला लढणारे ब्रिटिश फौजेतले सैनिक, ब्रह्मदेशात उतरले तेव्हा हैलाकांदीहून त्यांना आधार देणाऱ्या अमेरिकेच्या पहिल्या एअर कमांडो गटाकडे पी-५१ए होती. तीही ॲलिसनवालीच. खालच्या उंचीवर ते इंजिन उत्तम चालायचं. ब्रिटिशांनीही ॲलिसनची काही मस्टँग युद्ध संपेपर्यंत वापरली.

आणि सगळ्यांचं लाडकं पी-५१डी? बुडबुड्यासारखी काच, सहा मशीनगन, सगळं मान्य. पण त्या काचेसाठी पाठीचा भाग कापला, तर विमान सरळ रेषेत टिकेना. शेपटीपुढे एक पातं वाढवावं लागलं. वैमानिकामागची टाकी भरलेली असेल तर ते वळणात दगा द्यायचं, म्हणून आधी ते इंधन संपवायचं आणि मगच लढाईचं बोलायचं. बी आणि सी प्रकारांवर ब्रिटिशांची फुगीर माल्कम काच बसवून उडणारे काही वैमानिक डीपेक्षा तेच बरं म्हणायचे. मलाही दिसायला बीच आवडतं.

सरळसोट
कोरियन युद्धाचंही बोला. तिथे एफ-५१ नावाने हीच डी जमिनीवर हल्ले करायला पाठवली. गगनभेदींचा लाडका रेडिएटर नेमका पोटाखाली. खालून रायफलची एक गोळी लागली की इंजिन थंड ठेवणारं शीतक वाहून जायचं आणि इंजिन काही मिनिटांत जाम. थंडरबोल्टचं हवेने थंड होणारं इंजिन असला मार खाऊनही घरी यायचं.

गगनभेदी
कोरियात ते पाठवणाऱ्यांनी ठरवलं, श्मूडने नाही. त्याने फायटर बनवलं होतं, खंदकांवर घिरट्या घालणारं विमान नव्हे.

तेलकट हात
छान! चांगलं झालं की ढाचा, वाईट झालं की पाठवणारे. मर्लिनला तेवढीच सवलत द्या, मग बोलू.